मोठ्या संस्थेत राहून सामाजिक उद्योजकता: खान्देशातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कारखान्यांत, सूतगिरण्यांत, सहकारी बँकांत, रुग्णालयांत, शिक्षणसंस्थांत आणि सरकारी खात्यांत काम करणाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मधल्या फळीतले असतात: खरेदी अधिकारी, शाखा व्यवस्थापक, मेट्रन, स्टोअरकीपर, शेतकी अधिकारी. समाजासाठी काही करावं असं त्यांना मनापासून वाटतं, पण घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया चालू असताना नोकरी सोडणं शक्य नसतं. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत.

सामाजिक उद्योजकता म्हणजे नेमकं काय? आणि ती नोकरीत कशी बसवायची?

एखादा सामाजिक प्रश्न सोडवायला अशी व्यवस्था उभी करायची, की ती दरवर्षी देणगीची वाट न पाहता स्वतःच्या व्यवहारावर चालेल. मुहम्मद युनुस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात तारण न घेता छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये त्यांना व बँकेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. हे सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण.

पण प्रत्येकाने नवी बँक काढायची गरज नाही. मोठ्या संस्थेकडे गोदाम, गाड्या, खरेदीचा पैसा, तांत्रिक माणसं आणि बाजारात नाव, हे सगळं आधीच असतं. नव्या माणसाला ते जमवायला दहा वर्षं लागतात. संस्थेत राहून, तिचीच साधनं वापरून नवा उद्योग उभा करणाऱ्या कर्मचाऱ्याची कल्पना गिफर्ड पिंचो या अमेरिकन सल्लागाराने १९७८ मध्ये मांडली. तीच पद्धत सामाजिक प्रश्नाला लावली की आपला विषय झाला. इथे पगार संस्थेचा, जोखीम वाटून घेतलेली आणि बदल संस्थेच्या रोजच्या कामात.

आमच्याकडे सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभाग आहे. मग हे वेगळं कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. या पैशातून शाळांच्या खोल्या झाल्या, आरओ बसले, रुग्णवाहिका आल्या. ते काम कमी लेखायचं नाही.

मात्र याच नियमांत एक महत्त्वाची ओळ आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरलं जात नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही धरलं जात नाही. म्हणजे कायद्यानेच सीएसआरला धंद्याच्या बाहेर ठेवलं आहे. आता हिशेब करून पाहा. समजा एका कंपनीची उलाढाल १,००० कोटी आणि सरासरी नफा ५० कोटी आहे. तिचा सीएसआर झाला १ कोटी. तीच कंपनी वर्षभरात कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक, मजुरी, जेवण आणि सफाईवर शेकडो कोटी खर्च करते. हा पैसा कोणाकडे जातो, किती दिवसांनी जातो, कोणत्या अटींवर जातो, यावर आसपासच्या पन्नास गावांचं जास्त अवलंबून असतं.

आमचा सगळा आग्रह इथेच आहे. समाजाचं काम देणगीच्या खात्यात शोधण्याआधी खरेदीच्या वहीत शोधा.

खान्देशात असं काही झालं आहे का?

झालं आहे. त्यातली दोन उदाहरणं नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं जळगावचं. वाकोदच्या शेतकरी घरातल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन नावाचं विकर (एन्झाइम) तयार करायला लागले. चीक शेतकऱ्यांकडून यायचा, त्यामुळे पपईला फळाखेरीज दुसरं उत्पन्न मिळालं. पुढे ठिबक आलं, केळीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली, पांढऱ्या कांद्याची करारशेती आली. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, कंदाच्या बेण्याची बाग आणि टिश्यूच्या रोपांची बाग यांत काय फरक पडतो. रोपांची बाग एकसारखी निसवते, म्हणजे घड एकदमच बाहेर पडतात, घड जवळपास एकाच वेळी कापणीला येतात, त्यामुळे गाडी भरणं आणि भाव ठरवणं सोपं जातं. हा फायदा शेतकऱ्यापर्यंत देणगी म्हणून पोचला नाही. तो विकत घेतलेल्या रोपातून आणि खरेदीच्या करारातून पोचला. कंपनीलाही त्यातून धंदा मिळाला.

या उदाहरणावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बरोबर आहे: ते मालक होते, त्यांनी ठरवलं की झालं, मी नोकर आहे. म्हणून दुसरं उदाहरण शिरपूरचं.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून जे जलसंधारण झालं, ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ओळखलं जातं. त्यामागचं शास्त्रीय डोकं होतं भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांचं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेत त्यांची नोकरी झाली होती. तापीच्या गाळाच्या जमिनीत पाणी खाली का मुरत नाही आणि बेसाल्टच्या काळ्या खडकात ते कुठे अडतं, हे त्यांना नोकरीतल्या अनुभवातून माहीत होतं. स्थानिक नेते अमरीशभाई पटेल यांचं पाठबळ आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचा आधार त्यांना मिळाला. नाले रुंद आणि खोल केले, दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधले, काही ठिकाणी वाहून जाणारं पाणी विहिरींत सोडून पुनर्भरण केलं. सूतगिरणी कापसावर चालते आणि कापूस पाण्यावर येतो, त्यामुळे गिरणीच्या सभासदांना हे काम परकं वाटलं नाही. एका तज्ज्ञाचं ज्ञान आणि एका संस्थेची ताकद यांची गाठ पडली, की किती मोठं काम उभं राहतं, हे तिथे दिसलं.

इथे एक गोष्ट जोडावी लागेल. हीच पद्धत जशीच्या तशी सगळीकडे नेण्याला भूजलतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. खालचा खडक न पाहता नाला खोल करत गेलं, तर साठा वाढण्याऐवजी भूजलच उघडं पडू शकतं. शिरपूरचा धडा घ्यायचा तो आधी जमीन समजून घेण्याचा.

मोठ्या कंपन्यांत बाहेर काय अनुभव आला?

केनियातल्या एम-पेसा या मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचा अनुभव सर्वांत उपयोगी आहे. व्होडाफोनमधले निक ह्यूज आणि सुझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या एका निधीची जोड घेऊन २००५ मध्ये छोटा प्रयोग लावला. बचत-कर्ज गटांना मोबाईलवरून हप्ता भरता यावा, एवढाच हेतू होता. लोकांनी मात्र ती सोय एकमेकांना पैसे पाठवायला वापरली. शहरातला मुलगा गावातल्या आईला पैसे धाडू लागला. ते पाहून सेवेची घडी बदलली आणि मार्च २००७ मध्ये तिथल्या सफारीकॉम या मोबाईल कंपनीने ती देशभर आणली. लोक प्रत्यक्षात काय करतात हे पाहून मूळ कल्पना सोडायची तयारी त्या दोघांकडे होती.

महाराष्ट्रातला एक अनुभव उलट बाजूने शिकवतो. गोदरेजने कॉम्प्रेसर नसलेला, बॅटरीवरही चालणारा 'छोटूकूल' नावाचा लहान फ्रिज तयार करताना २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, गावातल्या बायकांना बोलावून त्यांच्याकडून सूचना घेतल्या. कल्पना प्रामाणिक होती. तरीही ज्या गरीब घरांसाठी तो केला, तिथे तो अपेक्षेइतका गेला नाही, आणि पुढे छोटे दुकानदार व शहरी ग्राहकांकडे वळवावा लागला. सूचना मागणं आणि खिशातून पैसे निघणं यांत अंतर असतं. आपल्याकडेही सर्वेक्षणात 'हो हो, घेऊ' म्हणणारी माणसं खूप भेटतात. पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

मी साधा कर्मचारी आहे. माझ्या हातात आहेच काय?

तुमच्या टेबलावरून जे कागद जातात, ते तुमच्या हातात आहेत.

तुम्ही लेखा विभागात असाल तर बिलं किती दिवस पडून राहतात ते पाहा. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असं थकलेलं बिल प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजावट मिळणार नाही, अशी तरतूद केली. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने आहे. एमआयडीसीतला एखादा छोटा वर्कशॉपवाला तुमच्या कंपनीला सुटे भाग देतो. त्याचे पैसे ४ महिने अडकले, तर तो गड्यांचा पगार सावकाराकडून आणतो. ती बिलं तारखेप्रमाणे लावून, मुदत संपायच्या आठवडाभर आधी साहेबांच्या टेबलावर ठेवायची एक यादी तुम्ही सुरू केलीत, तर त्या वर्कशॉपमधल्या आठ-दहा घरांचं भलं होतं. त्याला निधी लागत नाही, फोटोही लागत नाही. आमच्या मते मोठ्या संस्थेतलं सर्वांत दुर्लक्षित सामाजिक काम हेच आहे.

तुम्ही खरेदीत असाल तर पुरवठादार नोंदणीचा फॉर्म काढून वाचा. त्यात बहुधा जीएसटी क्रमांक, तीन वर्षांची उलाढाल आणि अनामत मागितलेली असते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागतच नाही. मग बचत गटाला तो रकाना सक्तीचा कशासाठी? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, 'फॉर्म असाच आहे.' तो कोणीतरी मोठ्या पुरवठादारांसाठी बनवला आणि सगळ्यांना लागू झाला. लहानांसाठी वेगळा एकपानी फॉर्म, ठरावीक रकमेपर्यंत अनामत माफ, आणि पहिल्या मागणीला थोडी उचल, एवढ्याने दार उघडतं. गटाने उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्यावी, ती विनामूल्य होते आणि ४५ दिवसांच्या नियमाचं संरक्षण मागताना उपयोगी पडते.

रेल्वे आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत काम करणाऱ्यांना तर धोरणच मिळालेलं आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात आता वार्षिक खरेदीच्या २५ टक्के सूक्ष्म व लघू उद्योगांकडून, आणि त्यातही ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यायची आहे. भुसावळसारख्या ठिकाणी या टक्क्यांचं मोल मोठं आहे. महिलांचे ३ टक्के भरायला माणूस सापडत नाही, असं ऐकू येतं. सापडत नाही कारण वरणगाव-सावद्याच्या गटांपर्यंत कोणी गेलेलंच नसतं.

स्टोअर, कॅन्टीन, मनुष्यबळ, सुरक्षा, प्रत्येक ठिकाणी असं काहीतरी सापडेल. कॅन्टीनचं कंत्राट बदलायची हिंमत नसेल, तर आठवड्यातून एक दिवस कळण्याची भाकरी आणि ठेचा गटाकडून घ्यायला काय हरकत आहे?

प्रश्न कुठला निवडावा?

तुमची संस्था रोज ज्याला हात लावते, तोच. दालमिलने डोळ्यांचं शिबिर घेणं वाईट नाही, पण दालमिलला धूळ, हमाली आणि तुरीचा भाव कळतो. तिने तिथे काम केलं तर तिच्या शंभर रुपयांचं मोल वाढतं.

खान्देशात समोर पडलेले प्रश्न काही कमी नाहीत. केळीचा घड कापल्यावर राहणारं खोड शेतकऱ्याला ओझं होतं. त्यातून धागा निघतो, खत होतं, पण ते खोड गोळा करून वेळेत यंत्रापर्यंत नेणारी साखळी उभी नाही, आणि ती उभी करायची साधनं ज्यांच्याकडे आहेत त्या वाहतूक व प्रक्रिया कंपन्या तिकडे पाहत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्या उन्हात मालधक्क्यावरचे हमाल आणि केळी कापणाऱ्या टोळ्या काम करतात; कामाची वेळ पहाटेकडे सरकवणं हा निर्णय वाहतूकदार, व्यापारी आणि कंपनी यांनी मिळून घ्यायचा आहे.

रुग्णालयातला एक प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या आईला पावरी किंवा भिली बोलता येते. तिला डिस्चार्जचा कागद इंग्रजीत मिळतो आणि औषधाच्या वेळा घाईघाईने मराठीत सांगितल्या जातात. अहिराणी बोलणाऱ्या आजीचीही थोडीफार हीच गत. आता त्याच रुग्णालयात सफाई, वॉर्ड आणि शिपाई कामावर पावरी-भिली बोलणारी माणसं बहुधा असतात. त्यांना या कामाची नोंद, थोडा भत्ता आणि दिवसातली ठरलेली वेळ दिली, औषधांची चित्रं असलेला कागद केला, तर अर्धवट औषध घेऊन परत येणारे रुग्ण कमी होतील, अशी आशा धरायला जागा आहे. हे ठरवायला संचालक मंडळाची बैठक लागत नाही, एक जाणती मेट्रन पुरते.

सुरुवात वर्षात कधी करावी?

कॅलेंडरपेक्षा आपल्या सणांकडे आणि हंगामांकडे पाहा. सातपुड्यातली कामाला गेलेली कुटुंबं होळीला गावी येतात. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा अख्खा डोंगर खाली उतरलेला असतो. बँकेची खाती, लसीकरण, मुलांचे शाळाप्रवेश, कौशल्याची भरती, जे काही या लोकांसाठी करायचं ते याच दिवसांत. दिवाळीनंतर गेलात तर घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील.

शेतमजुरांच्या बाबतीत आखाजी (अक्षय्य तृतीया) लक्षात ठेवा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं साल तिथे संपतं आणि नवं ठरतं. विमा, बचत किंवा आगाऊ उचलीचा पर्याय द्यायचा असेल तर बोलणी त्याच्या आधी व्हायला हवी, कारण एकदा उचल घेतली की वर्षभर माणूस बांधला जातो.

आणि साहेबांकडे जायची वेळ: अंदाजपत्रक बनत असताना, म्हणजे साधारण जानेवारीत. मार्चअखेर कोणाशी काही बोलू नका.

वरिष्ठांना कसं पटवायचं? आमच्याकडे उत्तर एकच असतं, 'हाई काम आपलं नई शे, भाऊ.'

ते उत्तर देणारा माणूस वाईट नसतो. त्याला वरून विचारणा झाली तर तो काय दाखवणार, ही त्याची चिंता असते. ती चिंता आधी दूर करा.

समाजाचं भलं या मुद्द्यापासून सुरुवात करू नका, जरी तुमच्या मनात तेच असलं तरी. सुरुवात त्याच्या डोकेदुखीपासून करा. कापणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, पुरवठादार मधेच सोडून जातो, कच्च्या मालात ओल येते, कामावर घेतलेली मुलं तीन महिन्यांत निघून जातात. तुमच्या कल्पनेने यातलं एक जरी कमी होणार असेल, तर ते आकड्यात मांडा. जुनी रजिस्टरं काढा. मागच्या वर्षी किती गाड्या परत गेल्या, किती बदली माणसं घ्यावी लागली, याचा स्वतःच्या संस्थेचा आकडा समोर ठेवला की बोलणं बदलतं.

कागद एक पानाचा ठेवा. काय करणार, कुठे, किती दिवस, किती पैसे, आणि जमलं नाही तर कसं थांबवणार. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत. थांबण्याची तारीख दिसली की सही करणाऱ्याचा हात हलका होतो.

मोठा होकार मागू नका. 'बचत गटांसाठी धोरण करा' म्हटलं की समिती नेमली जाते. 'या तीन महिन्यांत गणवेशाच्या शिलाईपैकी ५० जोड अमुक गटाकडून शिवून घेऊ' म्हटलं की खरेदी अधिकारी स्वतःच्या अधिकारात हो म्हणू शकतो. आणि लेखा विभागातला एक माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. चांगल्या कल्पना जास्त करून ऑडिटच्या शेऱ्यावर मरतात. तो शेरा कसा टाळायचा हे त्यालाच माहीत असतं.

बचत गटाकडून माल घेतला आणि दर्जा घसरला तर?

घसरेल. पहिल्या खेपेत बहुधा घसरतोच, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याकडे असतं: नमुना दिलेला नसतो, मापं तोंडी सांगितलेली असतात, मागणी आज देऊन परवा माल मागितलेला असतो. मोठ्या पुरवठादाराला आपण ड्रॉइंग देतो, तपासणीला माणूस पाठवतो. तेवढंच गटालाही द्या.

दया म्हणून खराब माल ठेवून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी तोच माल दाखवून कोणीतरी गटाचं काम कायमचं बंद करतं, आणि तेव्हा बोलायला जागा राहत नाही. कारण लिहून परत करा, दुरुस्तीला वेळ द्या, आणि दुरुस्त झालेल्या मालाचे पैसे मात्र त्याच आठवड्यात द्या. गटाकडे खेळतं भांडवल नसतं. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांची तालुक्यातली माणसं या कामात मदत करतात. त्यांना सुरुवातीलाच बोलवा.

सहकारी संस्था आणि सरकारी खात्यांत हे चालेल का? तिथे तर नियमच नियम असतात.

चालेल. या देशातला सर्वांत मोठा असा प्रयोग सरकारी चौकटीतच झाला. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प घेतला. तारण नसलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या गटाला बँकेने कर्ज द्यायचं, ही गोष्ट तेव्हाच्या शाखा व्यवस्थापकाला धक्का देणारी होती. आज गावोगाव गट दिसतात, ते त्या प्रयोगामुळे.

नियमाला नियमाने उत्तर द्यावं लागतं. सहकारी संस्थेत उपविधी आणि वार्षिक सभेचा ठराव, सरकारी खात्यात शासन निर्णय आणि लेखाशीर्ष. ही कागदं वाचायचा कंटाळा असेल तर हे काम होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. उलट जो ती वाचतो, त्याला दिसतं की नियमाने जितकं अडवलंय असं सगळे म्हणतात, तितकं अडवलेलं नसतं.

परिणाम कसा मोजायचा?

किती माणसं कार्यक्रमाला आली, हे मोजू नका. ज्याच्यासाठी केलं त्याच्या आयुष्यात काय हललं, तेवढ्या दोन-तीन गोष्टी धरा. गटाला वर्षात किती महिने काम मिळालं. बिलाचे पैसे सरासरी किती दिवसांत गेले. कामावर घेतलेल्या पावरी मुलांपैकी वर्षानंतर किती जण नोकरीवर आहेत, आणि जे गेले ते का गेले. या 'का'चं उत्तर कोणाशी तरी बसून बोलल्याशिवाय मिळत नाही. फॉर्ममध्ये ते येत नाही.

सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. तो नसेल तर नंतरचा आकडा कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी एक सोय झाली आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण, कामगार आणि समाज यांबद्दलचा सविस्तर अहवाल देणं बंधनकारक केलं आहे. त्यात लहान उत्पादकांकडून किती खरेदी होते, हेही विचारलं जातं. तुम्ही जपलेला आकडा वर कोणाला तरी हवाच असतो. तो घेऊन जा.

हा सगळा दिखावाच होत नाही का?

पुष्कळ ठिकाणी होतो, आणि त्याची चीड येणं रास्त आहे. एका बाजूला कंत्राटी कामगाराचा भविष्य निर्वाह निधी भरायचा नाही आणि दुसऱ्या बाजूला वृक्षारोपणाचा मोठा फलक लावायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा संस्थेत नवा सामाजिक प्रकल्प सुचवणं म्हणजे तिला आणखी एक फलक पुरवणं. तिथे आधी देणं असलेलं देण्याची मागणी करा. किमान वेतन, वेळेवर बिल, सुरक्षेची साधनं, महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. ही मागणी लावून धरणारा माणूसही आमच्या दृष्टीने हेच काम करतो, आणि ते अधिक कठीण आहे.

यात माझ्या नोकरीला धोका आहे का?

थोडा आहे. कोणाचं तरी कमिशन बंद होतं, कोणाचा तरी जुना पुरवठादार दुखावतो. म्हणून सगळं लेखी ठेवा, पैशाच्या व्यवहारात स्वतः हात घालू नका, नात्यातल्या माणसाच्या गटाला काम देऊ नका, आणि श्रेय वरिष्ठांना मोकळेपणाने द्या. वार्षिक सभेत साहेबांनी ती गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली, तर समजा की ती आता टिकणार.

माझी बदली झाली तर काम बंद पडेल ना?

तुमच्या नावाने चालत असेल तर पडेल. खरेदीच्या नियमपुस्तिकेत एक परिच्छेद, संगणकातल्या प्रणालीत एक रकाना, कामाच्या वाटपात एका पदाचं नाव, एवढं झालं की पुढे येणारा माणूस ते चालूच ठेवतो, कारण बंद करायलाही त्याला टिपणी लिहावी लागते.

नोकरी सोडून स्वतःची संस्था काढावी का?

घाई करू नका. संस्थेच्या आत दोन-तीन हंगाम एखादी गोष्ट चालवून दाखवली असेल, बाहेरही तिला गिऱ्हाईक आहे हे दिसलं असेल, आणि घर वर्षभर चालेल एवढी शिल्लक असेल, तर विचार करा. रागावून सोडू नका.

उद्या सकाळी नेमकं काय करू?

तुमच्या संस्थेचा पुरवठादार नोंदणीचा फॉर्म आणि मागच्या तीन महिन्यांची थकीत बिलांची यादी, हे दोन कागद मागून घ्या. यादीतल्या सर्वांत छोट्या पुरवठादाराला फोन लावा आणि विचारा, आमच्याशी धंदा करताना तुम्हाला काय जड जातं. तो सुरुवातीला 'काही नाही साहेब, सगळं बरं चाललंय' म्हणेल. मग त्याच्या वर्कशॉपवर जा, चहा घ्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.